प्रवासाआधीच गोळी?

केनिया. परदेशात सेवाकार्याला माणसं पाठवणाऱ्या अमेरिकेच्या पीस कोअर या सरकारी संस्थेचे तरुण स्वयंसेवक इथे नुकतेच दाखल झालेत. परक्या मुलखात गेलं की पहिल्या काही आठवड्यांत जुलाब व्हायचेच, असं तेव्हा धरूनच चालत. डॉ. डेव्हिड सॅक आणि सहकाऱ्यांनी काहींना रोज डॉक्सीसायक्लीन हे अँटिबायोटिक दिलं, काहींना औषध नसलेली गोळी. तीन आठवड्यांत औषधाविना असलेल्या २१ जणांपैकी ९ जणांना जुलाब झाले. औषध घेणाऱ्या १८ जणांपैकी एकालाच. १९७८ साली हे प्रसिद्ध झालं.

म्हणजे गोळी लागू पडते. या जुलाबांमागे बहुतेकदा जिवाणू असतात, विशेषतः ई. कोलायचा एक प्रकार. त्याच्या विषाने आतड्यातून पाणी वाहू लागतं. अँटिबायोटिक त्याला तिथे ठाण मांडूच देत नाही.

तरीही जानेवारी १९८५मध्ये अमेरिकेत बेथेस्डा इथे जमलेल्या तज्ज्ञांनी सरसकट गोळ्या देण्याला नकार दिला. अंगावर पुरळ, उन्हाने भाजणारी त्वचा, औषधाला न जुमानणारे जंतू. आणि हे कशासाठी, तर तीन-पाच दिवसांत बहुतेकांचा आपोआप बरा होणाऱ्या आजारासाठी!

न जुमानणाऱ्या जंतूंचा धोका फिनलंडच्या संशोधकांनी २०१५मध्ये मोजून दाखवला. ४३० प्रवाशांचे शौचाचे नमुने त्यांनी प्रवासाआधी आणि नंतर तपासले. दक्षिण आशियात, म्हणजे आपल्याच भागात येऊन गेलेल्यांपैकी ज्यांना जुलाब झाले नाहीत आणि अँटिबायोटिकही घेतलं नाही, त्यांच्यातल्या २३ टक्क्यांच्या पोटात असे जंतू आले. जुलाब झाले, पण अँटिबायोटिक टाळलं, त्यांच्यात ४७. जुलाबांवर अँटिबायोटिक घेतलं, त्यांच्यात ८० टक्के! आतड्यातले आपले नेहमीचे जिवाणू औषधाने मरतात आणि मोकळ्या जागी हे पाहुणे वस्ती करतात. त्रास काहीच जाणवत नाही, म्हणून ते गुपचूप घरापर्यंत येतात.

आणि आपल्याकडे? चारधामला निघताना केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिकची स्ट्रिप घ्यायची, "आजपासूनच एकेक घ्या, बाहेरचं पाणी बाधणार नाही" म्हणत सगळ्या गटात वाटायची. हे पाहून खरंच काळजी वाटते.

प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या किंवा आतड्याचा गंभीर आजार असलेल्या प्रवाशाला डॉक्टर थोड्या दिवसांसाठी असं औषध देऊ शकतात. बाकीच्यांनी पिशवीत ओआरएस ठेवावं. लिटरचं पाकीट पूर्ण लिटरभर स्वच्छ पाण्यातच कालवायचं, अंदाजाने ग्लासात नाही. शौचात रक्त दिसलं, ताप चढला किंवा लघवी कमी झाली, तर थेट दवाखाना गाठायचा.