सरयूत सोडलेल्या वह्या

श्रोतेहो, पत्रिकेत माझा विषय 'हिमालयावरील पुस्तके' असा छापला आहे. हिमालय फार मोठा आहे आणि त्याच्यावरच्या पुस्तकांचे कपाटही काही लहान नाही, त्यामुळे मी आज कुमाऊँ आणि गढवाल, म्हणजे आजचे उत्तराखंड, एवढ्यापुरतेच बोलणार आहे. त्यातही मला एकच गोष्ट विचारायची आहे. डोंगरातल्या प्रवासाचे पुस्तक वाचताना आपण वाट पाहतो, शिखरे पाहतो, लेखकाची दमछाक पाहतो. पण लेखकाचे सामान कोणाच्या पाठीवर आहे आणि त्या माणसाचे नाव पुस्तकात कुठे सापडते का, हे सहसा पाहत नाही.

हा प्रश्न मला ग्रंथालयात सुचला नाही, आजीच्या वहीत सुचला. 1964 साली ती बदरी-केदारला गेली होती, आणि त्या काळच्या बायकांप्रमाणे तिने वहीत पैशापैशाचा हिशेब ठेवला होता. पंड्याचे नाव आहे, धर्मशाळेच्या रखवालदाराचे नाव आहे, वाटेत भेटलेल्या सोलापूरच्या एका बाईंचे तर आडनाव आणि पत्ताही आहे. जो माणूस तिला वेताच्या टोपलीत बसवून, टोपली पाठीवर बांधून केदारनाथपर्यंत घेऊन गेला, त्याच्यासाठी फक्त 'कंडीवाला' एवढा शब्द आणि त्यापुढे रक्कम आहे. आजी माणुसकीने वागणारी बाई होती, त्याला तिने जाताना स्वेटर दिल्याची नोंद त्याच पानावर आहे. स्वेटरची नोंद आहे, नावाची नाही.

आता पुस्तकांकडे येतो. 1815 मध्ये गुरख्यांकडून कुमाऊँ इंग्रजांच्या हाती आल्यानंतर तेथे जॉर्ज विल्यम ट्रेल नावाचा कमिशनर जवळजवळ वीस वर्षे होता. त्याने लिहिलेला कुमाऊँचा वृत्तांत 1828 मध्ये 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये छापून आला, आणि पुढच्या प्रत्येक लेखकाने त्यावरून आपली रेघ ओढली. त्यानंतर सर्वांत मोठे काम एडविन ॲटकिन्सनचे. नॉर्थ-वेस्टर्न प्रॉव्हिन्सेसच्या गॅझेटियरचे त्याचे दहा, अकरा आणि बारा हे तीन खंड 1882 ते 1886 या काळात निघाले. भूस्तर, वनस्पती, राजवंश, देवदेवता, जातिजमाती, सगळे त्यात आहे; आजही कुमाऊँवर लिहिणाऱ्याला ते खंड टाळता येत नाहीत, आणि टाळू नयेत. पण असे खंड कसे तयार होतात, याचाही विचार करावा. साहेब गावोगाव दौरे करतो, दौऱ्यावर तंबू, खाट, खुर्ची, कागदपत्रांच्या पेट्या, कोंबड्यांचे खुराडे आणि कधी कधी शौचाचे भांडेसुद्धा जाते, आणि गाडीरस्ता नसलेल्या मुलुखात हे सगळे माणसाच्या पाठीवरून जाते.

आपण मराठीत 'वेठीस धरणे' हा वाक्प्रचार दिवसातून चार वेळा वापरतो आणि त्यातली वेठ विसरून गेलो आहोत. कुमाऊँत ती विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांपर्यंत जिवंत होती. तिला कुली बेगार म्हणत. मोबदला न देता ओझे वाहून घेणे म्हणजे बेगार, नावापुरता मोबदला देऊन वाहून घेणे म्हणजे कुली उतार, आणि साहेबाच्या मुक्कामाला दूध, तूप, लाकूडफाटा, गवत पुरवणे म्हणजे बर्दाइश. ही पद्धत इंग्रजांनी शोधून काढली नव्हती, आधीच्या राजवटींतही ती होती; इंग्रजांनी तिला जमीनधाऱ्याशी जोडून कागदावर पक्के केले. जो जमीन कसतो त्याने ओझे वाहायचे, म्हणून प्रत्येक गावच्या प्रधानाकडे एक वही असे आणि त्या वहीत पाळीप्रमाणे नावे असत. पेरणीचे दिवस असोत की घरात आजारपण असो, पाळी आली की निघावे लागे. ट्रेलने 1822 च्या सुमारास माणसांऐवजी खेचरे ठेवण्याचा प्रयत्न करून पाहिला, पण तो काही तडीस गेला नाही; फुकट मिळणाऱ्या पाठीपुढे विकतचे खेचर महागच पडणार.

या वह्यांविषयी मला विशेष सांगायचे आहे, कारण माझ्या मते कुमाऊँवरच्या प्रवासग्रंथांचा तो जोडखंड आहे. एका पुस्तकात प्रवास करणाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर आहे. दुसऱ्यात तो प्रवास ज्यांच्यामुळे झाला त्यांची नावे ओळीने लिहिली आहेत. पहिले पुस्तक लंडनच्या, कलकत्त्याच्या ग्रंथालयांत सुरक्षित आहे. दुसरे नदीत गेले.

ते नदीत कसे गेले, हे तिकडे शाळकरी मुलगाही सांगेल. बागेश्वरला सरयू आणि गोमती यांचा संगम आहे (ही गोमती लखनौची नव्हे), तेथे बागनाथाचे देऊळ आहे, आणि मकरसंक्रांतीला उत्तरायणीची मोठी जत्रा भरते. 1921 च्या जत्रेत बद्रीदत्त पांडे, हरगोविंद पंत आणि चिरंजीलाल यांच्या पुढाकाराने सभा झाली. डेप्युटी कमिशनरने त्यांना निघून जाण्याचा हुकूम दिला होता. पांडे गेले नाहीत. हजारो लोकांनी सरयूचे पाणी हातात घेऊन यापुढे बेगार करणार नाही अशी शपथ घेतली, आणि गावोगावच्या प्रधानांनी आपापल्या वह्या आणून प्रवाहात टाकल्या. गोळीबार झाला नाही, आणि बेगार पुन्हा उभी राहिली नाही. आठ वर्षांनी गांधीजी बागेश्वरला आले तेव्हा या घटनेची आठवण ताजी होती. जाता जाता सांगतो, कुमाऊँतले पंत आपले मूळ कोकणात असल्याचे परंपरेने सांगतात. ती परंपरा इतिहासाच्या कसोटीला किती उतरते हा वेगळा विषय आहे, पण अल्मोड्यात मी महाराष्ट्रातून आलो असे सांगितले की एखादे पंत हमखास चहाला थांबवतात, एवढा माझा अनुभव आहे.

बद्रीदत्त पांडे हे मुळात संपादक. 1871 पासून निघणारे 'अल्मोडा अखबार' त्यांच्या हाती 1913 मध्ये आले आणि त्याचा आवाज बदलला. 1918 मध्ये ते बंद पडले, त्यामागे एका साहेबाच्या शिकारीची बातमी होती. एका गोळीत कोंबडी, कुली आणि अखबार असे तीन बळी गेले, अशी कोटी तिकडे अजून सांगतात. त्याच वर्षी पांड्यांनी 'शक्ती' हे साप्ताहिक सुरू केले. याच माणसाने पुढे 'कुमाऊँ का इतिहास' लिहिला, तो 1937 मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचताना ॲटकिन्सनची सावली पानोपानी जाणवते, आणि वंशावळींच्या मागे लागून लेखक कधी कधी वाट चुकतो, हेही कबूल केले पाहिजे. पण बेगारीच्या प्रकरणाशी आलो की भाषा बदलते. तेथे गॅझेटियरचा आधार घ्यायची त्याला गरज नाही; नदीकाठी तो स्वतः उभा होता. त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी शेखर पाठक यांनी या प्रथेवर शोधग्रंथ लिहिला, आणि ज्यांना हा विषय मुळापासून समजून घ्यायचा आहे त्यांनी तो हिंदी ग्रंथ वाचावा, असे मी आग्रहाने सांगेन.

नावाचा प्रश्न मात्र बेगारीबरोबर संपत नाही. जोहार खोऱ्यातल्या मिलमचे नैनसिंह रावत घ्या. जोहारचे शौका लोक उन्हाळ्यात घाट ओलांडून तिबेटात जात, धान्य घेऊन जात आणि मीठ, टाकणखार, लोकर घेऊन येत. मेंढ्यांच्या आणि शेळ्यांच्या पाठीवर लहान दुहेरी थैल्या लादलेल्या असत. ज्या मुलुखात गोऱ्या माणसाला शिरता येत नव्हते, तेथे या लोकांचे नातेसंबंध होते, उधारी होती. सर्वेक्षण खात्याने हेच हेरले. 1863 मध्ये नैनसिंह आणि त्यांचे चुलतभाऊ मणिसिंह यांना डेहराडूनला शिकवायला घेतले. पावले मोजायची, ती अशी की दोन हजार पावलांचा एक मैल भरावा. जपमाळेत एकशे आठऐवजी शंभर मणी, दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा, म्हणजे एक माळ पुरी झाली की पाच मैल झाले. प्रार्थनाचक्राच्या पोटात मंत्राऐवजी टिपणांचे कागद. असे करत नैनसिंह 1866 मध्ये ल्हासाला पोहोचले, त्या शहराची उंची आणि अक्षांश काढले, आणि 1874-75 मध्ये लेहहून ल्हासामार्गे तवांगपर्यंत गेले. त्यांचे वृत्तांत लंडनला छापले गेले तेव्हा गुप्ततेसाठी नाव नव्हते, नुसते 'पंडित' होते. त्यांचे भाऊबंद किशनसिंह तर 'ए-के' या दोन अक्षरांनीच ओळखले गेले. आजीच्या वहीतला 'कंडीवाला' आणि रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकातला 'पंडित' यांत मला फार अंतर दिसत नाही, फरक इतकाच की 1877 मध्ये त्या सोसायटीने नैनसिंहांना सुवर्णपदक दिले.

पण नैनसिंह लिहीत होते. 1871 मध्ये त्यांचे 'अक्षांश दर्पण' हे अक्षांश काढण्याच्या पद्धतीवरचे हिंदी पुस्तक निघाले, आपल्या रावत कुळाचा इतिहासही त्यांनी लिहिला, आणि त्यांच्या रोजनिश्या राहिल्या. उमा भट्ट आणि शेखर पाठक यांनी 2006 मध्ये हे सगळे एका ग्रंथात आणले आणि त्याला नाव दिले 'एशिया की पीठ पर'. आशियाच्या पाठीवरून चाललेला माणूस. हे नाव मी पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ पुस्तक उघडलेच नाही. 1962 नंतर तिबेटचा व्यापार थांबला आणि मिलमची घरे ओस पडली. आता मुनस्यारीला, एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या घरात उभारलेल्या संग्रहालयात, मेंढीच्या पाठीवरच्या त्या थैल्या पाहायला मिळतात. एक उचलून पाहिली. लोकर इतकी घट्ट विणलेली की बोट आत जाईना, आणि शिवणीच्या खाचेत मिठासारखे काहीतरी पांढरे अजून अडकलेले होते.

गिर्यारोहकांच्या पुस्तकांवर मी फार वेळ घालवणार नाही, ती आपल्याकडे पुरेशी वाचली जातात. एवढेच सांगतो की 1934 मध्ये एरिक शिप्टन आणि बिल टिलमन ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या पायथ्याच्या खोऱ्यात शिरले तेव्हा त्यांच्याबरोबर अंग थार्के, पासांग आणि कुसांग हे तीन शेर्पा होते, आणि शिप्टनच्या पुस्तकात ही तीन नावे सोबत्यांच्या नावांसारखी येतात. त्या काळच्या मोहिमांची इतर पुस्तके शेजारी ठेवून पाहिली तर हे किती वेगळे होते ते कळते. अंग थार्के यांच्या आठवणी पुढे 1954 मध्ये फ्रेंचमध्ये पुस्तकरूपानेही आल्या. टिलमन आणि ओडेल 29 ऑगस्ट 1936 रोजी नंदादेवीच्या माथ्यावर पोहोचले. त्याच मोहिमेत कितार हा जुना, अनुभवी शेर्पा आजाराने तळावर वारला.

जिम कॉर्बेटचे मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण त्याला आपण शिकारकथा लिहिणारा म्हणून बाजूला ठेवतो. नैनितालला जन्मलेल्या या माणसाची उमेदीची वर्षे शिकारीत गेली नाहीत. मोकामेह घाटावर गंगेच्या एका काठावरचा रेल्वेचा माल दुसऱ्या काठावर पोचवण्याचे कंत्राट तो चालवत होता, आणि मजुरांबरोबर स्वतः गोण्या उचलत होता. ओझे त्याला पाठीवरून माहीत होते. म्हणूनच त्याच्या नरभक्षकांच्या कथांत मेलेला माणूस मेला त्या क्षणी काय करत होता, हे तो सांगितल्याशिवाय राहत नाही. ते वाचत गेले की एक गोष्ट हळूहळू अंगावर येते: या कथांत वारंवार बायका आहेत, आणि त्या गवत कापत आहेत, ओकची पाने उतरवत आहेत, काटक्या गोळा करत आहेत. चंपावतच्या वाघिणीच्या कथेत दोन बहिणी गवत कापत असताना एकीला वाघिणीने उचलले, आणि मागे राहिलेलीची वाचा गेली. वाघीण मारल्यावर परतताना कॉर्बेट मुद्दाम तिच्या गावावरून गेला आणि कातडे पाहून ती बोलू लागली. कथा म्हणून आपण तो शेवट लक्षात ठेवतो. मला त्यातला विळा लक्षात राहतो.

कारण 1921 मध्ये पुरुषांच्या पाठीवरचे सरकारी ओझे उतरले, बायकांच्या डोक्यावरचा भारा तसाच राहिला. त्याची वही कोणी ठेवली नव्हती, त्यामुळे ती नदीत टाकण्याचाही प्रश्न आला नाही. 1974 च्या मार्चमध्ये रैणी गावात गौरादेवी आणि त्यांच्याबरोबरच्या बायका झाडांना जाऊन भिडल्या, तेव्हा त्यांना जंगलाची किंमत ज्या हिशेबाने कळली होती तो हिशेब रोज किती लांब जाऊन गवत आणायचे, याचा होता. चिपकोवर भरपूर लिहिले गेले आहे, पण त्या बायकांचे स्वतःच्या शब्दांतले लिखाण शोधायला जाल तर हाती फार थोडे लागेल.

मराठी माणसाचा या वाटेशी संबंध जुना आहे. साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर 1912 मध्ये हिमालयात पायी गेले आणि त्यांनी त्या प्रवासावर पुस्तक लिहिले ते गुजरातीत, 1924 साली. आपल्या भाषेतला इतका चांगला प्रवासी दुसऱ्या भाषेने नेला, याची मला थोडी असूया वाटते. आपल्या यात्रावर्णनांची परंपराही मोठी आहे, पण त्यांतली बहुतेक आजीच्या वहीसारखी आहेत.

चार वर्षांपूर्वी मी आईला घेऊन केदारला गेलो. तिला गुडघ्यांचा त्रास, म्हणून कंडीच केली. नेणारा मुलगा नेपाळच्या डोटीकडचा होता, वीस-बावीस वर्षांचा. निम्म्या वाटेवर तो एका कठड्याला टोपली टेकवून उभाच विसावला, कारण बसला तर पुन्हा उठवायला दुसरा माणूस लागतो, असे त्याने सांगितले. त्याचे नाव आणि गाव मी विचारून लिहून घेतले. उतरताना देवप्रयागला आमच्या घराण्याच्या पंड्याकडे गेलो. त्यांनी लाल कापडात बांधलेली लांबट वही काढली आणि माझ्या पणजोबांची मोडीतली नोंद दाखवली. मला त्यातले नुसते गावाचे नाव वाचता आले. खाली आजीची नोंद होती. मग त्यांनी माझ्यापुढे दौत सरकवली. मी आईचे, माझे, मुलांचे नाव लिहिले आणि पुढच्या ओळीवर त्या मुलाचे नाव लिहू लागलो. पंडाजींनी वाकून पाहिले आणि अगदी प्रेमाने माझा हात थांबवला. "वो नेपाल का है ना," ते म्हणाले, "उनके पंडा दूसरे हैं।"