ईशान्येची बोअर, वायव्येची टाकी

(नागपूरच्या पश्चिमेकडील एका लेआउटच्या समाजभवनात रहिवाशांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी एक हिशेब करून टाकू. इथे बसलेल्या बहुतेकांचा प्लॉट दीड हजार फुटांचा, म्हणजे ३० बाय ५०. त्याच्या एका कोपऱ्यातून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत टेप लावला तर ५८ फूट आणि वर तीन-चार इंच भरतात. आता नियम ऐका. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. सेप्टिक टँकचं पाणी जमिनीत जिरवायची व्यवस्था, म्हणजे आपला शोषखड्डा, पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून १८ मीटरच्या आत नसावी, असं तिच्यात लिहिलं आहे. १८ मीटर म्हणजे ५९ फूट. बोअर एका कोपऱ्यात, शोषखड्डा तिरप्या कोपऱ्यात, दोन्ही कुंपणाला खेटून घेतले तरी आठ-नऊ इंच कमीच पडतात.

त्याच नियमात पुढे म्हटलंय की शोषखड्डा राहत्या घरापासून किमान ६ मीटर लांब हवा. ६ मीटर म्हणजे २० फूट. ३० फूट रुंदीच्या प्लॉटवर २० फूट सोडले की घर उरतं दहा फुटांचं. तेवढ्यात आमच्या हिची शिलाई मशीन आणि माझी खुर्चीसुद्धा मावत नाही.

म्हणून कोणी काय करतं? नकाशावर एक छोटा गोल काढतं, त्यात दोन इंग्रजी अक्षरं लिहितं आणि मोकळं होतं. मी पाण्याच्या खात्यात ३१ वर्षं काढली, असे गोल शेकड्यांनी पाहिले. बोअर मात्र नकाशावर कुठेच नसते. ती घर झाल्यावर, एखाद्या उन्हाळ्यात, रात्री साडेदहाला गाडी बोलावून मारली जाते.

मारतात कुठे? ईशान्येला. पाणी ईशान्येला हवं, संडासाची टाकी वायव्येला हवी, हे आपल्याकडे मिस्त्रीपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. मी वास्तूवर बोलायला आलो नाही, त्या विषयात घरात माझं कोणी ऐकत नाही. पण एक करा. पूर्व-पश्चिम पसरलेली एक गल्ली डोळ्यांपुढे आणा. तुमचा ईशान्य कोपरा म्हणजे तुमच्या पूर्वेकडच्या शेजाऱ्याचा कोणता कोपरा? वायव्य. भिंतीच्या अलीकडे तुमची बोअर, पलीकडे त्याची टाकी. मधे नऊ इंचांची वीट. गल्लीत दहा घरं असतील तर नऊ ठिकाणी ही जोडी लागते, आणि प्रत्येक जण आपापल्या प्लॉटवर अगदी शास्त्रशुद्ध असतो.

नियम विहिरीपासून मोजायला सांगतो. विहीर कोणाच्या प्लॉटवर आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आपण मात्र कुंपणाच्या आतच टेप धरतो. माझं आजचं सगळं बोलणं एवढ्या एका गोष्टीसाठी आहे.

आता ही टाकी करते काय? पुष्कळांना वाटतं, टाकीत घाण सडून स्वच्छ पाणी बाहेर पडतं. तसं नाही. टाकीत जड गाळ खाली बसतो, तेलकट साय वर तरंगते, आणि मधलं गढूळ पाणी नळीतून पुढे जातं. ते दिसायला बरं असलं तरी त्यात जंतू जिवंत असतात. ते मारायचं काम माती करते. कोरड्या मातीच्या थरातून हळूहळू झिरपताना जंतू अडकतात, उपाशी मरतात, दुसरे सूक्ष्मजीव त्यांना खातात. १८ मीटर हे अंतर त्या मातीला दिलेला वेळ आहे. जिथे माती नाही तिथे १८ काय आणि २८ काय.

आणि आपल्या पायाखाली काय आहे? पूर्वेला, उत्तरेला जमीन वेगळी आहे. कामठीकडे वालुकाश्म, पूर्वेकडे जुना पट्टीदार खडक. आपण पश्चिमेचे लोक बेसाल्टवर बसलोय, सीताबर्डीची टेकडी ज्याची आहे तोच दगड. वर हात-दोन हात काळी माती, मग मुरूम, मग भेगाळलेला काळा पाषाण. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि शोषखड्ड्याचं तोंड दाबते. पाणी जिरत नाही, चेंबरमधून वर येतं. उन्हाळ्यात तीच माती अशी तडकते की भेगेत हात जातो. खालच्या दगडात पाणी चालतं ते सांध्यांतून, फटींतून. चाळणीतून गाळल्यासारखं नाही, नळातून सोडल्यासारखं.

हे मी स्वतःच्या घरी शिकलो. नोकरीत असतानाच आमच्या बोअरचं पाणी तपासणीच्या बाटलीत भरलं. पाण्यात मैल्यातले जंतू असले की ही बाटली काळी पडते. ती रात्रीतून काळी पडली. पहिला संशय अर्थातच भिंतीपलीकडच्या टाकीवर. शेजारी भला माणूस. त्याच्या संडासात मी हिरवा रंग ओतला. भूजलवाले पाण्याचा माग काढायला वापरतात तोच, फ्लुरेसिन. चार दिवस बोअर उपसत राहिलो, काही नाही. मग थोड्या नाराजीनेच आपल्या संडासात ओतला. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणातल्या बादलीत पाणी पोपटी. बायको म्हणाली, "काहून हो, होळी लवकर आली का यंदा?" तीन फुटांवरची टाकी निर्दोष सुटली आणि २५ फुटांवरची, माझीच, धरली गेली. फट त्या दिशेने होती, एवढंच.

शेजाऱ्याची टाकी निर्दोष का होती? तिला तळ होता. बापड्याने खाली काँक्रीट मारून आतून गिलावा केला होता. माझ्या ठेकेदाराने सांगितलं होतं, साहेब, तळ कशाला, पंधरा वर्षं उपसायचं काम पडणार नाही. मला त्या वेळी ते ऐकून आनंद झाला होता! राजेहो, जी टाकी भरतच नाही ती टाकी नाही, ते भोक आहे. तुमच्या घरी मैला उपसायची गाडी शेवटची कधी आली होती ते आठवा. दोन-तीन वर्षांत एकदा मैला उपसावा लागत असेल तर टाकी नीट आहे. बारा वर्षांत लागला नसेल तर त्याची फुशारकी मारू नका. आणि उपसायचा तो गाडीनेच. संरक्षक साधनांशिवाय आत माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आतल्या वायूने दोन श्वासांत माणूस जातो.

उकळून पिऊ, फिल्टर लावू, असं कोणीतरी म्हणणारच. जंतूंचं ठीक आहे, उकळल्याने मरतात. नायट्रेट मरत नाही. उकळून पाणी आटलं की उलट वाढतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तान्ह्या बाळाच्या दुधात असं पाणी गेलं तर बाळाच्या रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही, अंग निळं पडतं. दिसायला पाणी काचेसारखं असतं. शेतातल्या युरियातूनही नायट्रेट येतं, पण या लेआउटमध्ये शेती कोण करतंय?

तलावाकाठच्या टाक्यांचं काय, असं विचारलं होतं कोणीतरी चिठ्ठीत. तलावाच्या काठी भूजल वर असतं, पावसाळ्यात तर हाताला लागेल इतकं. शोषखड्डाच पाण्यात बुडालेला असेल तर मातीला काम करायला जागा उरत नाही, मैलापाणी थेट तलावात. रिकामी केलेली टाकी खालच्या पाण्याच्या दाबाने उचलली गेल्याचीही उदाहरणं आहेत. मग तलावात काय होतं ते अंबाझरीच्या जलपर्णीने दाखवलंय. तिला खत घालायला कोणी शेतकरी गेला नव्हता.

कायदा इथे गमतीचा आहे. पाणथळ जागांचे नियम २०१७ चे. अधिसूचित पाणथळीच्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम नको, आत प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडायचं नाही. चांगलं आहे. पण पाणथळीच्या व्याख्येतून मुद्दाम पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव वगळलेत. गोरेवाडा तर शहराला पाणी पाजायलाच बांधलेला. म्हणजे ज्याचं पाणी प्यायचं तोच या कुंपणाबाहेर! दुसरी गंमत पूरपातळीची. ती मोजायची नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतली. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या लोकांच्या बैठकीत पाणी शिरलं, ते या हिशेबात धरलंच जात नाही. त्या पाण्यात किती टाक्यांचं पाणी होतं, हे ज्यांनी घरं धुतली त्यांना विचारा.

मग करायचं काय? टाकी हलवता येत नाही, प्लॉट ताणता येत नाही. गडरलाइन, म्हणजे मैलापाण्याची सार्वजनिक नळी, आली असेल तिथे आजच जोडा, सातशे कागद लागले तरी. आली नसेल तर टाकीला तळ आणि गिलावा. बोअरचं केसिंग, म्हणजे भोकात बसवलेला पाइप, मुरमात अर्धवट सोडू नका, पक्क्या दगडात बसवा आणि भोवतीची फट सिमेंटने भरा. खर्च जातो, हे मान्य. पण माझं खरं मत वेगळं आहे. प्यायच्या पाण्याची बोअर घरोघरी नकोच. लेआउटच्या ओपन स्पेसमध्ये, सगळ्या टाक्या-शोषखड्ड्यांपासून ५९ फूट सुटेल अशी जागा टेप लावून शोधा, गल्लीची एकच बोअर घ्या. घरच्या बोअरचं पाणी झाडांना, गाडीला, अंगणाला. गेल्या वर्षी एका लेआउटमध्ये हे सुचवलं तर मोटरचं बिल कोणी भरायचं यावर सभा मोडली. इथे ते भांडण आजच करून घ्या, चहा यायला वेळ आहे.

मागच्या टेबलावर तीस बाटल्या ठेवल्या आहेत, एका घराला एक. खुणेपर्यंत पाणी भरायचं, आत बोट घालायचं नाही, झाकण घट्ट लावून अंधाऱ्या जागी ठेवायची. थंडीत कोणी कपड्यात गुंडाळून उबेला ठेवतात. आपल्याकडे मे महिना आहे, माळ्यावर ठेवली तरी पुरे. २४ तासांनी बघा, नाही तर ४८ तासांनी. काळी पडली तर घाबरून जाऊ नका, पण ते पाणी प्यायचं थांबवा आणि नमुना प्रयोगशाळेत द्या. बाटलीवर घर क्रमांक लिहा, आणि टाकी कुठल्या कोपऱ्यात आहे तेही. शेजाऱ्याची कुठे आहे तेसुद्धा. परवा संध्याकाळी सहाला मी टेप घेऊन येतो. एक टोक धरायला कोणीतरी लागेल.