आल्या आल्या आपण मुलांना काय म्हणतो?

सभासदहो, मित्रमैत्रिणींनो आणि मुलांनो,

आपण गणपतीला किंवा दिवाळीला भेटतो, तेव्हा सभागृहाच्या दारात, अत्तरदाणीपाशीच, पहिले वाक्य बहुधा देहाविषयीचे असते. ‘किती वाळलीस गं’, ‘अंगाने भरलीस हं’, ‘उन्हात खेळून काळवंडला की हा’, ‘वडिलांची उंची काही घेतली नाही याने’. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, हे मी जाणते. मे महिन्यात आजोळी पाऊल टाकताच आपलेही स्वागत असेच होई. पण रात्री अंगणात त्याच मावशी-आत्यांच्या कुशीत आपण झोपत असू. इथे अमेरिकेत वाढणाऱ्या मुलांच्या वाट्याला ती कूस येत नाही. आपण त्यांना सणासुदीलाच भेटतो आणि एवढे एकच वाक्य त्यांच्या हाती ठेवून जेवणाच्या रांगेकडे वळतो.

यंदा नाचाच्या तालमीत नऊवारी नेसवून घेताना अकरा वर्षांची एक मुलगी मला म्हणाली, “काकू, मला शेवटच्या रांगेत उभे करा, म्हणजे माझे पोट दिसणार नाही.” आणि कंबरपट्टा बांधून होईपर्यंत तिने श्वास आत ओढून धरला. तिचे एकही पाऊल चुकत नव्हते.

मुलींचे शरीर साधारण आठ ते तेरा या वयात बदलू लागते, मुलग्यांचे थोडे उशिरा. या काळात वजन वाढणे आणि मुलींच्या अंगावर चरबी चढणे हा वाढीचाच भाग असतो. नेमक्या त्याच वर्षी आपण मुलीच्या पानातला भात मोजू लागतो आणि मुलग्याला ‘काडी पैलवान’ म्हणतो; मग तो दार लावून प्रोटीन पावडरचे डबे उघडतो, तेव्हा आपल्याला नवल वाटते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने 2016 मध्ये लठ्ठपणा आणि खाण्याचे विकार या दोहोंविषयी एकत्रच मार्गदर्शन केले. मुलांना डाएट करायला लावू नये, त्यांच्या किंवा स्वतःच्या वजनाची घरात चर्चा करू नये, वजनावरून चिडवू नये आणि सर्वांनी एकत्र जेवावे, असा त्याचा आशय आहे. यातले ‘स्वतःच्या’ हे आपण आयांनी विशेष मनावर घ्यावे. मोदक पुढे आला की ‘नको, आधीच किती सुटले आहे मी’ असे आपण म्हणतो, तेव्हा शेजारी बसलेली मुलगी ऐकत असते.

रंगाबद्दलही तेच. ‘फेअर अँड लव्हली’ 1975 मध्ये बाजारात आली आणि 2020 मध्ये तिने नावातला ‘फेअर’ काढला. त्याच वर्षी, इथल्याच भारतीय स्त्रियांनी आवाज उठवल्यावर, एका मोठ्या विवाह-संकेतस्थळाने त्वचेच्या रंगाचा रकाना हटवला. आपल्या बालनाट्यात मात्र राधेचे काम अजूनही उजळ मुलीलाच मिळते. पुढच्या वर्षी ते पाठांतर आणि अभिनय पाहूनच द्यावे, अशी माझी कार्यकारिणीला आग्रहाची विनंती आहे.

एका प्रश्नापाशी मात्र मी अडते. मधुमेह आपल्या घराघरांत आहे. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की आपली बाळे जन्मतः वजनाने कमी असूनही त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त असते. म्हणजे सडपातळ दिसणारे मूलही निर्धास्त नाही आणि केवळ अंगलटीकडे पाहून केलेली टीका वैद्यकीयदृष्ट्याही फारशी उपयोगाची नाही. तरी ज्या घरात आजोबा रोज इन्सुलिन घेतात, तिथे मुलांशी खाण्यापिण्याबद्दल बोलावेच लागते. ते अशा कोणत्या शब्दांत बोलावे की मुलगी साखर जपून खाईल, पण कंबरपट्टा बांधताना श्वास कोंडून धरणार नाही? मला ते शब्द अजून सापडलेले नाहीत. आपल्यातील डॉक्टरांनी, आयांनी आणि थोडी मोठी झालेल्या मुलींनीही यावर माझ्याशी बोलावे.