चार बोटं अपुरी तार

नमस्कार श्रोतेहो. आज एअरबस ए-३८० या दुमजली विमानाविषयी. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ ८० मीटर, आणि उडताना वजन ५७५ टनांपर्यंत. एवढं धूड उचलायचं तर अंग हलकं हवं. म्हणून धडाच्या वरच्या बाजूच्या बऱ्याच भागाला ग्लेअर वापरलं. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, काचतंतूंचा थर, पुन्हा पत्रा, असं चिकटवत जायचं. पत्र्याला चीर पडली तरी मधले तंतू तिला पसरू देत नाहीत. पत्रा, तंतू, पत्रा. एवढं ध्यानात ठेवा. दोन्ही पंख जिथे धडाला मिळतात ती मधली पेटी कार्बनतंतूंची. (खिडकीची जागा हट्टानं घेऊन पडदा ओढून झोपणाऱ्यांना हे पंख दिसायचेच नाहीत. त्यांना मधली जागा द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.)

आता तारांचा किस्सा. या विमानात तारा किती? सुमारे ५३० किलोमीटर! धडाचे मोठे भाग जर्मनीत हँबुर्गला तयार होत, आतल्या तारांसकट. जोडणी फ्रान्समध्ये, तुलूझला. भाग आले, कामगारांनी तारांचे जुडगे ओढून जोडायला घेतले, तर काय? टोकाला टोक भिडेना! काही ठिकाणी चार बोटं कमी.

घरी वायरिंग करणारा माणूस कोपऱ्याला वायर जरा सैल सोडतो. वळणात वायर जास्त लागते, हे त्याला ठाऊक असतं. इथे वजन वाचवायला बऱ्याच तारा तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या घेतलेल्या, आणि त्यांना वळण मोठं लागतं. जर्मन अभियंते आराखड्याच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती वापरत होते, फ्रेंच नवी. वळणांचा हिशेब दोघांचा जुळलाच नाही. सॉफ्टवेअर एकच, आवृत्त्या दोन, आणि तार अपुरी!

मग शेकडो जर्मन कामगार तुलूझला आले. विमानाच्या पोटात शिरून तारा काढायच्या, नव्या ओवायच्या, सगळं हातानं. २००६ साली कंपनीच्या प्रमुखांची खुर्ची गेली. पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळालं ऑक्टोबर २००७मध्ये, ठरल्यापेक्षा दीडेक वर्ष उशिरा. आणि पुढचीही वीसेक विमानं अशीच, हातानं तारा ओवून पुरी करावी लागली.