पाऊस थांबल्यावरचे दोन तास

मंडळी, ड्रॅग रेसिंग म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो टायरचा धूर आणि दहा-बारा सेकंदांत संपणारी सरळ धाव. अमेरिकेत गावोगावच्या ड्रॅग स्ट्रिपवर शनिवार-रविवारी उतरणाऱ्या हौशी रेसरचा दिवस मात्र बहुतेक थांबण्यात जातो, आणि पाऊस आला तर जवळजवळ सगळाच. बोलायचंय ते या थांबण्याबद्दल. सर पडून गेल्यानंतरच्या दोन तासांत गाडीकडे कसं पाहिलं, यावर पुढची फेरी ठरते, असं माझं ठाम मत आहे.

आधी, पाऊस पडला की शर्यत थांबतेच का? ड्रॅगच्या स्लिक टायरला नक्षी नसते, त्यामुळे पाणी बाजूला सारायला खाचाच नाहीत. शिवाय ट्रॅक म्हणजे नुसतं काँक्रीट नव्हे. त्यावर टायर घासून घासून रबराचा थर चढवलेला असतो आणि वर राळेसारखा चिकट द्राव फवारलेला असतो. कोरड्या ट्रॅकवरून चाललात तर बुटाचा तळवा ओढला जातो, इतका तो चिकट असतो. पाणी या थरावर साचतं आणि भेगांतून त्याच्या खालीही शिरतं. वरचं पाणी ब्लोअरनं उडवता येतं, जेट ड्रायरनं वाळवता येतं. खालचं पाणी हाच खरा वैताग. काँक्रीट संपून डांबर सुरू होतं त्या सांध्यातून ते अर्ध्या तासानंही पुन्हा पाझरतं. घाई करून ड्रायर एकाच जागी धरला तर रबराचे पोपडे उठतात आणि तिथं टक्कल पडतं. मग पुन्हा फवारणी, पुन्हा टायर घासणं. पाऊस थांबून दीड-दोन तास झाले तरी आयोजक ट्रॅक उघडत नाहीत म्हणून पिटमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या जागेत, कुरकुर सुरू होते. ती ऐकून ज्यानं ट्रॅक लवकर उघडला, त्यानं लोकांच्या जिवाशी खेळ केला असंच मी म्हणेन.

आता गाडी. ब्रॅकेट रेसिंगमध्ये आपली गाडी किती सेकंद घेईल हे आपणच काचेवर लिहायचं असतं. हा डायल-इन. समोरची गाडी हळू असेल तर तिला तेवढ्या फरकानं आधी हिरवा दिवा मिळतो. लिहिलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचलात तर ब्रेकआउट, म्हणजे बहुधा हार. थोडक्यात, ही भाकिताची शर्यत आहे, आणि पाऊस हे भाकीतच पुसून टाकतो.

इथं डेन्सिटी अल्टिट्यूड समजून घ्यावा लागतो. आत्ताची हवा समुद्रसपाटीपासून किती फुटांवरच्या प्रमाण हवेइतकी विरळ आहे, ते हा आकडा सांगतो. तापमान 1 अंश सेल्सिअसनं वाढलं की तो साधारण 120 फुटांनी चढतो. आपल्याकडचं उदाहरण घ्या. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर. जानेवारीत सकाळी 14 अंश असताना हा आकडा 2,150 फुटांच्या आसपास, आणि दुपारी 30 अंशांवर 4,000 च्या पुढे. गाव तेच, पण इंजिनाच्या दृष्टीनं दुपारी ते डोंगरावर गेलेलं असतं. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे सुमारे 3 टक्के ताकद गमावतं. ताकद 3 टक्क्यांनी घटली की पाव मैलाची, म्हणजे पूर्ण धावेची, वेळ सुमारे 1 टक्का वाढते. म्हणजे 10 सेकंदांच्या गाडीला हजार फुटांमागे सेकंदाचा दहावा भाग. फेऱ्या शंभराव्या भागावर जिंकल्या-हरल्या जातात, हे ध्यानात घ्या.

पावसानं हवा गार होते म्हणून गाडी पळणार, असं लोक धरून चालतात. अर्धंच खरं आहे. दमट हवा आपल्याला जड वाटते, प्रत्यक्षात ती हलकी असते. 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असताना हवेतली तीन टक्क्यांहून थोडी जास्त जागा वाफेनं अडवलेली असते, आणि तेवढा प्राणवायू कमी. त्यामुळे अंदाज नको, हातातल्या वेदर मीटरचा आकडा घ्या. मीटर सावलीत, वारा लागेल असा धरा. ट्रेलरच्या पत्र्यावर ठेवलेला मीटर पत्र्याचं तापमान सांगतो.

एक हिशेब करू. सकाळी 2,800 फुटांवर गाडी 10.40 नं गेली. पावसानंतर आकडा आला 1,900. नऊशे फूट कमी, म्हणजे 0.09 सेकंद लवकर, म्हणजे 10.31. इथंच थांबलात तर फसलात. धुतल्या गेलेल्या ट्रॅकवर पहिल्या 60 फुटांत पकड कमी मिळते. तिथं गमावलेले 0.02 सेकंद शेवटच्या रेषेपर्यंत 0.03 ते 0.04 होतात. म्हणून 10.34 किंवा 10.35 लिहावं. आपल्या आधी धावणाऱ्यांच्या टाइम स्लिप, म्हणजे धावेच्या टप्प्याटप्प्याच्या वेळा छापलेल्या चिठ्ठ्या, मागून पाहा, त्यांचे 60 फुटांचे आकडे सकाळपेक्षा किती घसरले ते कळेल. पाऊस गेल्यावर वाराही दिशा बदलतो, तेव्हा झेंड्याकडे नजर असू द्या.

थांबलेल्या वेळात गाडीवर ताडपत्री टाकायची, ती स्लिक झाकणारी हवी. ऊन पडलं की एका बाजूचा टायर तापतो. 11-12 पीएसआय दाबाच्या स्लिकमध्ये 10 अंशांच्या फरकानं पाऊण पीएसआयच्या वर बदल होतो. आपण पाव पीएसआयचा हिशेब करणारी माणसं, आणि इथं गाडी एका बाजूला ओढ खायला लागते. चिखलाच्या पिटमध्ये चाकांखाली प्लायवूड टाका. बॅटरीला चार्जर लावून ठेवा, कारण बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरच नसतो. मेथनॉलवर चालणारी गाडी असेल तर कॅनचं झाकण घट्ट लावा. मेथनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि ओल्या हवेत उघडा राहिलेला कॅन पुढच्या फेरीत मिश्रण बिघडवतो.

लेनमध्ये, म्हणजे धावेसाठीच्या रांगेत, जाण्याआधी सगळ्यात दुर्लक्षित काम म्हणजे गाडी खालून पुसणं. मडगार्डच्या आतल्या कडेला, बॉनेटच्या स्कूपमध्ये, दारांखालच्या फटीत पाणी अडकून बसतं. बर्नआउटच्या, म्हणजे धावेआधी टायर जागीच फिरवून तापवण्याच्या, धक्क्यानं ते नेमकं स्टार्ट लाइनवर सांडतं आणि मागच्या सगळ्यांचा खोळंबा होतो. बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधा, गाडीत बसल्यावर काढा. ओला तळवा ब्रेकवरून सटकतो.

इंजिनाचं पाणी दर फेरीला एकाच तापमानावर हवं, 70 अंश धरत असाल तर 70 च. तीन तास थंड पडलेलं इंजिन आणि गिअरबॉक्स लेनची हाक आल्यावर सुरू करून चालत नाही. ट्रॅकवर फवारणीची गाडी फिरायला लागली की आपणही सुरू करायचं.

आयोजकांची बाजू आकड्यांतच कळते. 128 गाड्या म्हणजे सात फेऱ्या, 127 जोड्या. मिनिटाला एक जोडी सोडली तरी दोन तासांच्या वर, आणि शेवटच्या फेऱ्यांत इंजिन निवायला द्यावा लागणारा वेळ वेगळा. एक सराव फेरी गाळली की 64 मिनिटं वाचतात. बायबॅक, म्हणजे पहिल्या फेरीत हरून पुन्हा पैसे भरणं, बंद केलं तर आणखी वाचतात: 32 जणांनी ते घेतलं तर 16 जोड्या जादा, आणि त्यांचे विजेते आत आले की दुसरी फेरी 32 ऐवजी 40 जोड्यांची. तिसरा मार्ग म्हणजे पाव मैलाऐवजी अष्टमांश मैल, 660 फूट. पुढचा भाग कोरडा लागतोच, पण तो चिकट करत बसावा लागत नाही. असं झालं तर घाबरू नका. सकाळच्या टाइम स्लिपवर 60, 330, 660 आणि 1,000 फुटांच्या वेळाही छापलेल्या असतात. तुमचा नवा डायल-इन तिथंच आहे, फक्त हवेचा हिशेब निम्म्याच्या थोडा वर धरा.

रात्रीचं दव मात्र पावसापेक्षा फसवं. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, आणि ट्रॅकचं तापमान दवबिंदूकडे घसरत असतं. इन्फ्रारेड गन ट्रॅकवर रोखून पाहा. फरक तीन-चार अंशांवर आला की पकड कधीही जाऊ शकते, आणि ती आधी जाते शेवटच्या टोकाला, जिथं वेग सर्वांत जास्त असतो. अशा वेळी उरलेल्या चौघांनी बक्षिसाची रक्कम वाटून घेणं किंवा पुढच्या शनिवारी उरलेल्या फेऱ्या खेळणं, यात कसलाही कमीपणा नाही.

आणि शर्यत रद्दच झाली तर निघण्याआधी प्रवेशाच्या पावतीवर रेनचेकचा, म्हणजे तीच पावती पुढच्या वेळी चालेल असा, शिक्का मारून घ्या, टाकीतलं आणि कार्ब्युरेटरमधलं मेथनॉल काढा, थोडं पेट्रोल घालून इंजिन दोन मिनिटं चालवा. आठवडाभर आत राहिलेलं मेथनॉल ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरतं, आणि ती नेमकी कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे इंधनाच्या बारीक भोकात, जाऊन अडकते.