नाकाबंदीवरचे तुकाराम ओंबळे

मंडळी, २६/११च्या मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात कसाबला पकडताना प्राण देणारे तुकाराम ओंबळे म्हटलं की आपण थेट त्यांच्या छातीत घुसलेल्या गोळ्यांवर येतो. मी आधी नाकाबंदीवर बोलणार आहे, कारण त्यांनी काय केलं ते त्याशिवाय नीट कळत नाही.

ओंबळे जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. लष्कराच्या सिग्नल विभागातून नाईक म्हणून निवृत्त होऊन १९९१ मध्ये मुंबई पोलिसांत आले. २००८ मध्ये डी. बी. मार्ग पोलीस ठाण्यात सहायक फौजदार होते, म्हणजे हवालदाराच्या वर, उपनिरीक्षकाच्या खाली. रात्रपाळी आणि बंदोबस्त याच माणसांच्या खांद्यावर असतो.

बॅरिकेड सरळ आडवं लावून भागत नाही. ती आलटूनपालटून मांडायची, म्हणजे गाडीला नागमोडी यावं लागतं आणि वेग आपोआप पडतो. गाडी थांबली की इंजिन बंद करायला लावायचं, आतला दिवा लावायला सांगायचं, चालकाचे हात दिसले पाहिजेत. एकाने बाजूने जवळ जायचं, समोरून कधीच नाही. दुसऱ्याने आडोशाला राहून त्याला संरक्षण द्यायचं. ही सगळी मांडणी कोलमडते ती गाडी बॅरिकेडच्या अलीकडेच थांबली तर. मग आडोसा सोडून मोकळ्या रस्त्यावर पोलिसालाच गाडीकडे जावं लागतं.

२६ नोव्हेंबरची मध्यरात्र उलटल्यावर गिरगाव चौपाटीवर नेमकं हेच झालं. पळवलेल्या स्कोडाची खबर वायरलेसवर आली होती. गाडी अलीकडेच थांबली. दिवे प्रखर, काचेवर पाण्याचा फवारा, वायपर चालू. आतलं काही दिसेना. वळून पळताना ती दुभाजकावर अडकली. चालवणारा दहशतवादी अबू इस्माईल पोलिसांच्या गोळीने पडला. शेजारचा त्याचा साथीदार अजमल कसाब एके-४७ घेऊन उतरला. पोलिसांपैकी काहींकडेच पिस्तुलं होती, बाकीच्यांकडे काठ्या. ओंबळेंनी रायफलची नळी धरली आणि सोडली नाही. एके-४७च्या एका मॅगझिनमध्ये ३० गोळ्या मावतात. नळी मोकळी राहिली असती तर ती एका झटक्यात सगळ्यांवरून फिरली असती. ती फिरू शकली नाही, गोळ्या त्यांच्याच अंगात गेल्या. एक अधिकारी जखमी झाला, पण बाकीच्यांना कसाबवर तुटून पडायला वेळ मिळाला.

पुढचा सगळा खटला या काही क्षणांवर उभा राहिला. कसाब जिवंत हाती लागला म्हणून फेब्रुवारी २००९ मध्ये दंडाधिकाऱ्यांसमोर त्याचा कबुलीजबाब नोंदला गेला. कराचीपासूनचा समुद्रप्रवास आणि आधीचं प्रशिक्षण हे त्याच्याच तोंडून कागदावर आलं. नंतर त्याने जबाब मागे घेतला, तरी सर्वोच्च न्यायालयाने तो स्वेच्छेने दिलेला मानला आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजी फाशी कायम केली.

ओंबळेंना २००९ मध्ये मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. चौकाचौकांतल्या त्यांच्या फलकांवर हार असतो, घोषणा असते. माझी मागणी आहे की तिथे त्यांचा हुद्दा आणि पोलीस ठाणं आधी लिहावं: सहायक फौजदार, डी. बी. मार्ग.