सोमवारी येणारा रविवार

[दृश्य: पहाट. पन्हळीतून सिमेंटच्या टाकीत पडणारं पावसाचं पाणी.]

प्रशांत महासागरातल्या टोंगा देशाच्या टोंगाटापू बेटावर दिवस आधी कानांना कळतो. कोंबडे आरवतात, रस्त्यावर मोकळी फिरणारी डुकरं कुंपणाशी हुंदडू लागतात, लांबवर एखाद्या चर्चची घंटा होते. तोवर या छोट्या घरात दिवा लागलेला असतो.

घरात नवरा-बायको, दोघंही सत्तरीच्या उंबरठ्यावर. मूळ गाव अमेरिकेत, युटा राज्यात. त्यांच्या पंथात चहाही वर्ज्य आणि कॉफीही. पपईच्या फोडी, पाव, गरम पाणी. मग धर्मग्रंथाचं एक पान मोठ्यानं वाचायचं आणि गुडघे टेकून प्रार्थना करायची. उठताना आजी टेबलाचा आधार घेतात आणि आजोबा आजींचा.

इथं त्यांना ‘एल्डर’ आणि ‘सिस्टर’ म्हणतात. आपण आजी-आजोबाच म्हणू.

[दृश्य: कपड्यांवर नावाची काळी पट्टी लावणारे हात.]

1830 साली न्यूयॉर्क राज्यात स्थापन झालेलं त्यांचं चर्च जगाला ‘मॉर्मन’ म्हणून जास्त ठाऊक आहे. पांढरा शर्ट, टाय आणि सायकल घेऊन धर्मप्रचाराला फिरणारी या चर्चची तरुण मुलं पुष्कळांनी पाहिली असतील. पण निवृत्त जोडपीही अशीच निघतात, सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत. पगार नाही. भाडं, किराणा, सगळं पदरचं.

या चर्चचे पहिले प्रचारक 1891 साली टोंगात आले, तेव्हा इथले लोक आधीच ख्रिस्ती होते. आजही सगळ्यात मोठं चर्च मेथडिस्ट परंपरेतलं आहे. मग या वयात, इतक्या लांब येऊन ही दोघं दिवसभर करतात तरी काय? मला हाच प्रश्न पडला होता. उत्तर मिळालं ते त्यांच्या गाडीच्या डिकीत: शिडी, जाळीचा गुंडाळा, नळाचे वॉशर, दोन उशा आणि औषधांचा डबा.

[दृश्य: नारळीच्या बागांमधून जाणारा रस्ता.]

बेटावर जोडीजोडीनं राहणाऱ्या तरुण प्रचारकांची घरं सांभाळणं हे आजोबांचं काम. गाडी इथं आपल्यासारखी डाव्या बाजूनं चालते. सुरुवातीला प्रत्येक वळणावर आजी नुसतं “डावीकडे, डावीकडे” म्हणत होत्या. एका घराची डासांची जाळी फाटलेली, दुसऱ्याची पन्हळ पानांनी तुंबलेली. पन्हळीची हयगय चालत नाही, कारण छपरावरून टाकीत उतरलेलं पावसाचं पाणीच अनेक घरांत प्यायला असतं. 15 जानेवारी 2022 ला समुद्रातला हुंगा टोंगा ज्वालामुखी फुटला, तेव्हा छपरांवर राख पडली आणि त्या टाक्यांच्या पाण्याची भीती वाटू लागली. समुद्रतळाची केबल तुटली आणि देशाचा बाहेरच्या जगाशी संपर्क जवळजवळ थांबला. आजोबा शिडीवर चढतात तेव्हा खाली आजी शिडी धरून उभ्या असतात. वर बघत नाहीत. भीती वाटते, म्हणतात.

आजी निवृत्त परिचारिका. त्यांचा फोन सारखा वाजतो. प्रवाळानं पाय कापतो, जखम चिघळते, आणि एकोणीस वर्षांचा मुलगा ते लपवतो.

“किती दिवस झाले?”

“चार.”

“आणि आईला काय सांगितलंस?”

पलीकडे शांतता. आजी ओरडत नाहीत. गाडीत बसतात, जखम धुतात, पट्टी बांधतात आणि त्याचं जेवण होईपर्यंत तिथेच थांबतात.

[दृश्य: रविवार. बंद दुकानं. परसातून वर येणारा धूर.]

रविवारी टोंगा थांबतं. रविवार पवित्र पाळावा, असं 1875 च्या राज्यघटनेतच लिहिलंय. कमरेला विणलेली चटई, ‘ताओवाला’, गुंडाळून माणसं प्रार्थनेला निघतात. गाणं सुरू झालं की भिंती भरून जातात. आजोबांना शब्द अर्धेच येतात, पण खालचा सूर ते सोडत नाहीत.

दुपारी शेजारीण कुंपणावरून एक पुडकं देते. ‘लू’. नारळाचं दाट दूध आणि मांस पानांत बांधून, जमिनीतल्या तापलेल्या दगडांवर शिजवलेलं. पानं कसली, तर अळूची! आपण चिंच घालून ज्याची खाज मारतो, तेच अळू. इथं त्याला नारळ आणि भरपूर वेळ देतात. “मालो,” आजी म्हणतात. धन्यवाद. हा शब्द त्यांना सगळ्यात आधी आला.

[दृश्य: सोमवार सकाळ. डब्याला टेकवून ठेवलेला फोन.]

आपल्याकडचे कितीतरी आजी-आजोबा नातवंडं सांभाळायला अमेरिका गाठतात. ही दोघं अमेरिकेतली नातवंडं मागे ठेवून आली आहेत. सगळ्यात धाकटी नात दोघं इथं आल्यावर जन्मली. त्यांनी तिला अजून उचललेलं नाही.

टोंगाचं घड्याळ युटाच्या एकोणीस-वीस तास पुढे असतं. म्हणून इथं सोमवारचे नऊ वाजतात, तेव्हा तिथं रविवारची दुपार असते आणि सगळं कुटुंब जेवायला जमलेलं असतं. आजोबा दाढी करून बसतात. आजी चष्मा पुसतात. पडद्यावर सोफा धरून उभी असलेली नात दिसते. ती हात सोडते. एक पाऊल. दुसरं टाकतानाच चित्र गोठतं.

दोघं गप्प बसून राहतात, त्या थांबलेल्या पावलाकडे बघत. आजींचा हात पडद्यापर्यंत जातो.

चित्र पुन्हा हलतं तेव्हा नात आईच्या कडेवर असते.

“पडली का?” आजी विचारतात.

“नाही, पोहोचली.”

[दृश्य: दारात टेकवलेली शिडी. आतून दुसऱ्या फोनची रिंग.]

“सिस्टर, माझा पाय…”

आजोबा गाडीची किल्ली शोधू लागतात.